स्कूटरवरची मगर आणि ‘म्हणे’

ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदी बडोद्यात शिरली आणि तिच्याबरोबर मगरीही शिरल्या. आम्हा बडोदेकरांना मगरींचं फारसं अप्रूप नाही, भर शहरातल्या नदीत त्या पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तरी त्या तीन दिवसांत वनखात्याला वस्तीतून चोवीस मगरी उचलाव्या लागल्या. पाणी ओसरल्यावर एक व्हिडिओ फिरला. स्कूटरवर दोन तरुण, आणि मागच्याच्या मांडीवर तोंड बांधलेली मगर आडवी. पकडलेली मगर वनखात्याच्या ताब्यात द्यायला निघालेले. दांडियाबाजारात राहणाऱ्या माझ्या आत्याने तो पाहिला, चष्मा वर केला आणि निकाल दिला, “हे एआय आहे. मगर अशी गप्प बसते होय?”

पुढच्या पावसाळ्यात दुसरा व्हिडिओ आला. एका इमारतीची लिफ्ट उघडते, आतून मगर बाहेर येते आणि जिन्याकडे वळते. हा आत्याने स्वतः सगळ्या नातेवाइकांना पाठवला. खाली ‘काळजी घ्या, दारं लावून घ्या’. मी नीट पाहिलं तर लिफ्टवरचा मजल्याचा आकडा ना गुजराती होता ना इंग्रजी, तिसरंच काहीतरी गिचमिड होतं. मगरीची सावली एका बाजूला पडत होती, दाराची दुसऱ्या बाजूला.

आत्या खोट्याला फसली याचं मला फार वाटलं नाही. फसतो आपण सगळेच. पण तिने खऱ्याला खोटं ठरवलं, ते मनातून जाईना. माणूस एकदा असा बिथरला की उद्या त्याला खरोखरीचा पूर दाखवला तरी तो दार लावणार नाही. बनावट चित्रांची चर्चा चालते तेव्हा सगळा भर फसवणुकीवर असतो. खऱ्या चित्राची पत गेली, त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. विज्ञानाच्या बातम्या आणि माहितीपट यांच्यावर तर हे संकट अधिकच आहे, कारण त्यांत दिसणारं निम्म्याहून अधिक आपल्या डोळ्यांना कधीच दिसणार नसतं. कृष्णविवर, डायनासोर, पेशीच्या पोटातली घडामोड. तिथे चित्र हाच साक्षीदार.

माझा धंदा मोजमापाचा. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षं प्रेशर गेज, व्हर्निअर, तापमापक यांचं कॅलिब्रेशन, म्हणजे ती बरोबर मोजतात का याची तपासणी, करतो आहे. काम कंटाळवाणं वाटेल, पण त्यात एक गोष्ट अंगवळणी पडते. वजनांनी नेमका दाब देणारं यंत्र असतं, डेड वेट टेस्टर. त्यावर वजनं चढवायची, दट्ट्या हलकेच गोल फिरवायचा, म्हणजे तो कुठे अडकून राहत नाही, आणि मग गेजचा काटा वाचायचा. वजनांनी १० बार दाब दिलाय आणि काटा ९.९५ वर उभा. आम्ही ९.९५ लिहितो, आणि त्यापुढे अधिक-उणे काहीतरी लिहितो. ते अधिक-उणे नसलेलं सर्टिफिकेट म्हणजे रद्दी. एकदा एक गिऱ्हाईक मला म्हणालं, “साहेब, हे अधिक-उणे काढून टाका ना, वाचणाऱ्याला वाटतं तुम्हालाच खात्री नाही.” मी त्याला म्हटलं, “अहो, मला किती खात्री आहे तेच तर तिथे लिहिलंय.”

दुसरी गोष्ट ट्रेसेबिलिटी. हा गेज बरोबर, कशावरून? माझ्याकडच्या मास्टरवरून, म्हणजे ज्याच्याशी ताडून पाहतो त्या अधिक अचूक उपकरणावरून. तो मास्टर बरोबर कशावरून? त्याच्या वरच्या प्रयोगशाळेवरून. असं विचारत विचारत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या मानकापर्यंत जाता आलं पाहिजे. मधली एक कडी तुटली की माझं यंत्र कितीही झकपक असो, त्याच्या आकड्याला किंमत नाही. आमच्या धंद्यात ‘खरं का खोटं’ असं कोणी विचारत नाही. ‘कशावरून’ असं विचारतात.

माहितीपटांनाही हाच प्रश्न विचारावा, असं माझं म्हणणं आहे. चित्र अस्सल आहे की बनवलेलं, या प्रश्नाने फारसं हाती लागत नाही, कारण बनवलेली चित्रंही खरी असू शकतात. चांद्रयान-३ आठवा. २३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटं. अख्ख्या देशाने श्वास रोखून जे विक्रम लँडर खाली उतरताना पाहिलं, ते संगणकाने काढलेलं चित्र होतं. चंद्रावर त्याला बाहेरून टिपणारा कॅमेरामन थोडाच उभा होता! पण त्या चित्राच्या बाजूला उंची आणि वेगाचे आकडे पळत होते, आणि ते आकडे यानाकडून येत होते. चित्र काल्पनिक, त्याला हलवणारा धागा खरा. लँडरच्या स्वतःच्या कॅमेऱ्याने उतरताना घेतलेलं चित्रण दुसऱ्या दिवशी आलं, तेव्हा कोणाची फसगत झाल्याची भावना नव्हती. याच सुमारास दुसरं एक चित्र फिरत होतं, रोव्हरच्या चाकाने चंद्राच्या धुळीत उमटवलेली राजमुद्रा, रांगोळीचा छापा मारावा तशी रेखीव. चाकावर मुद्रा होती हे खरं. तो रेखीव ठसा मात्र कोणीतरी घरी बसून रंगवलेला. दोन्ही चित्रं संगणकावर तयार झालेली. एकाचा धागा चंद्रापर्यंत जातो, दुसऱ्याचा नाही.

कृष्णविवराचं पहिलं चित्र, १० एप्रिल २०१९ चं, तेही असंच. साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरच्या आकाशगंगेतलं ते केशरी कडं. जगभरच्या आठ रेडिओ दुर्बिणींची निरीक्षणं जुळवून ते उभं केलं, त्याला दोन वर्षं लागली. केशरी रंग माणसांनी निवडलेला, कारण रेडिओ लहरींना डोळ्याला दिसणारा रंग नसतो. ते निळं दाखवलं असतं तरी तेवढंच खरं होतं. हे एका वाक्यात सांगता येतं. आपल्याकडच्या किती बातम्यांनी ते वाक्य छापलं? बहुतेक ठिकाणी नुसतं ‘कृष्णविवराचा फोटो’.

गंमत अशी की हे वाक्य सांगण्याची सोय आपल्या भाषेत आयती आहे. मराठीत ‘म्हणे’ हा एक छोटासा शब्द आहे. ‘त्यांच्या वाड्यात भुयार आहे’ आणि ‘त्यांच्या वाड्यात भुयार आहे म्हणे’ यांत जमीन-अस्मानाचा फरक. दुसऱ्या वाक्यात बोलणारा खोटं बोलत नाही आणि स्वतःची जीभही गहाण ठेवत नाही. ऐकीव आहे एवढं सांगून मोकळा होतो. शिवाय ‘असावा’ आहे, ‘असणार’ आहे, ‘असेल’ आहे, ‘दिसतं’ आहे. खात्रीच्या इतक्या पायऱ्या आपण रोज चढतो-उतरतो. माझी आजी शेजारच्या घरातल्या भांडणाची बातमी सांगतानाही पाहिलेलं, ऐकलेलं आणि ताडलेलं असे तीन ढीग वेगळे ठेवायची.

विज्ञानाची बातमी मराठीत येते तेव्हा पहिला बळी याच शब्दांचा जातो. एप्रिल २०२५ मध्ये के२-१८बी या ग्रहाची बातमी आली. पृथ्वीपासून १२४ प्रकाशवर्षांवर, सिंह राशीच्या दिशेला. केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाला जेम्स वेब दुर्बिणीच्या नोंदींत डायमिथाइल सल्फाइड या वायूच्या खुणा दिसल्या. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म जीव तयार करतात. त्या खुणांची ताकद ‘थ्री सिग्मा’, म्हणजे निव्वळ योगायोगाने असा संकेत दिसण्याची शक्यता हजारात तीन. शोध लागला म्हणायला या क्षेत्रात ‘फाइव्ह सिग्मा’ लागतात, आणि हे त्या गटाने स्वतःच सांगितलं होतं. आता इथे मोजमापवाला म्हणून थोडं किचकट बोलू द्या. हजारात तीन याचा अर्थ ‘तिथे जीवसृष्टी असण्याची शक्यता ९९.७ टक्के’ असा होत नाही. संकेत खरा असला तरी तो याच वायूचा आहे का, हा वेगळा प्रश्न. वायू तोच असला तरी तो जीवांनीच बनवला का, हा आणखी वेगळा. हाच वायू एका धूमकेतूवरही सापडला आहे, आणि तिथे जीव आहेत असं कोणी म्हणत नाही. पुढे इतर गटांनी त्याच नोंदी पुन्हा तपासून पुरावा पुरेसा नसल्याचं सांगितलं. आणि माझ्या फोनवर त्या आठवड्यात काय आलं? ‘परग्रहावर जीवसृष्टी सापडली!’ एक ‘असावी’ गळली आणि बातमीची अफवा झाली. महिन्याभराने आत्या विचारते, “त्या ग्रहाचं काय झालं रे पुढे? हे लोक रोज काहीतरी शोधतात आणि मग विसरतात.” दोष शास्त्रज्ञांच्या पदरात पडला.

डब केलेल्या माहितीपटांची तऱ्हा तीच. बडोद्याहून दोनेक तासांवर बालासिनोरजवळ रहियोली आहे. तिथे १९८० च्या दशकात मिळालेल्या हाडांवरून २००३ मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस या डायनासोरचं नामकरण झालं. हाती काय होतं? कवटीचा मागचा भाग, मणके, कमरेची आणि पायांची काही हाडं. त्यावरून तो मांसाहारी होता, डोक्यावर बुटकं शिंग होतं, हे पक्कं सांगता येतं. कातडीचा रंग, आवाज, पिल्लांशी वागणं हे सांगता येत नाही. पडद्यावर मात्र तो तपकिरी पट्ट्यांचा असतो, डरकाळी फोडतो, आणि निवेदक खर्जात सांगतो, “राजासॉरस संध्याकाळी शिकारीला निघायचा.” ‘निघायचा’! जणू निवेदकाच्या गल्लीतच राहत होता. मूळ इंग्रजीत बहुधा शक्यतेचा शब्द होता. भाषांतर करणाऱ्याने तो वजन कमी करायला काढून टाकला असावा. (पाहा, मी ‘असावा’ लिहिलं. भाषांतर होत असताना मी तिथे नव्हतो.)

कोणी म्हणेल, ही नव्या यंत्रांची देणगी आहे, पूर्वीचे माहितीपट प्रामाणिक होते. अजिबात नाही. १९५८ च्या डिस्नेच्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’मध्ये लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी झुंडीने कड्यावरून उड्या टाकताना दाखवले. त्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं. पुढे १९८२ मध्ये कॅनडाच्या वृत्तवाहिनीने उघड केलं की लेमिंग बाहेरून विकत आणले होते आणि माणसांनीच खाली ढकलले होते. आजही लेमिंगांच्या सामूहिक आत्महत्येचा दाखला देणारे वक्ते भेटतात. आवाजांचं तर विचारूच नका. बर्फावर चालणाऱ्या अस्वलाच्या पावलांचा करकर आवाज पुष्कळदा स्टुडिओत मक्याच्या पिठाची पिशवी दाबून काढलेला असतो. दूरच्या लेन्सने चित्र मिळतं, आवाज मिळत नाही. पिठाच्या पिशवीबद्दल माझी तक्रार नाही. लेमिंगांबद्दल आहे. अस्वल चालतं आणि बर्फ करकरतो, हे पिशवीशिवायही खरंच आहे. लेमिंग आत्महत्या करत नाहीत.

बडोद्यात बसून हा विषय लिहायचा आणि दादासाहेब फाळक्यांचं नाव घ्यायचं नाही, हे जमणार नाही. ते इथल्या कलाभवनात शिकले, इथेच एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले, आणि इथे त्यांनी फोटोचा धंदा काढला तेव्हा कॅमेरा माणसाची प्राणशक्ती ओढून घेतो या समजुतीमुळे तो चालेना, असं सांगतात. १९१२ मध्ये विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि त्याच्या वाढीचं चित्रण केलं, ‘अंकुराची वाढ’. ते दाखवून ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसा उभा राहिला. म्हणजे आपल्या सिनेमाच्या मुळाशी एक विज्ञानपट आहे, आणि तो सरळसरळ करामतीचा आहे. वाटाणा असा सळसळत वर येताना कोणीच पाहिलेला नाही. तरी तो खरा, कारण प्रत्येक चित्र त्या कुंडीतल्या त्याच रोपाचं.

पण या गोष्टीतही एक ‘म्हणे’ गळलेला आहे. सगळीकडे लिहितात की फाळक्यांनी महिनाभर दिवसाला एक चित्र घेतलं आणि मिनिटभराची फिल्म झाली. हिशेब करून पाहा. त्या काळात सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रं धावत. मिनिटाला झाली साडेनऊशेच्या वर. दिवसाला एकच घेतलं असेल तर महिन्याची फिल्म दोन सेकंदांत संपेल. मग एकतर दिवसाला तीसेक चित्रं घेतली असणार किंवा फिल्म मिनिटाची नसणार. फाळक्यांचं मोठेपण याने तसूभरही कमी होत नाही. दिवसातून तीस वेळा कुंडीपाशी जाणारा माणूस मला उलट अधिकच भारी वाटतो. पण शंभर वर्षं आपण ही गोष्ट भागाकार न करता सांगत आलो.

आता आजचा माल. माझा भाचा तेरा वर्षांचा. विज्ञानाची आवड आहे, म्हणजे फोनवर विज्ञानाचे व्हिडिओ पाहतो. एकदा त्याने मला निळ्या देवमाशावरचा मराठी व्हिडिओ दाखवला. निवेदन यंत्राचं, ‘देवमासा’चे ‘देव मासा’ असे दोन तुकडे करणारं. चित्रं डोळे दिपवणारी. देवमाशाने जबडा उघडला आणि आत दोन्हीकडे सुळ्यांच्या रांगा. “मामा, केवढे दात!” मी म्हटलं, “चल.”

रविवारी आम्ही कमाटीबागेतल्या संग्रहालयात गेलो. तिथे १९४४ मध्ये महीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, सत्तर फुटांहून लांब. आम्ही जबड्यापाशी बराच वेळ उभे राहिलो. धनुष्यासारखी वाकलेली दोन प्रचंड हाडं, आणि त्यांवर दाताचं एकही खोबण नाही. तो कड्याकडेने शोधत गेला, वाकून, मान वेळावून. नाहीच. मग मी सांगितलं की याला दात नसतातच. वरच्या जबड्यातून नखासारख्या पदार्थाच्या झालरी लोंबतात आणि त्यातून हा पाणी गाळून कोळंबीएवढे जीव खातो. त्याने विचारलं, “झालर कुठाय?” झालर सांगाड्यावर नव्हती, ती हाडाची नसल्याने सहसा टिकत नाही. “मग ती होती कशावरून?” मला इतका आनंद झाला की बाहेर आल्यावर मी त्याला शेव-उसळ खाऊ घातली, जादा तर्रीसकट.

यावर उपाय म्हणून लेबल लावा म्हणतात. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२५ च्या मसुद्यात तर कृत्रिम चित्राच्या किमान दहा टक्के जागेवर तशी पट्टी असावी असं सुचवलं होतं. उद्देश चांगला. पण पट्टीने फक्त ‘बनवलेलं आहे’ एवढं कळतं, कशावरून बनवलं ते कळत नाही. चांद्रयानाचं आकड्यांवर चालणारं चित्र आणि दातवाला देवमासा, दोघांच्या कपाळी एकच टिळा. थोड्या दिवसांनी ती पट्टी सिगारेटच्या पाकिटावरच्या इशाऱ्यासारखी होईल, दिसते पण कोणी पाहत नाही.

माझं म्हणणं, हे निवेदनात बोलून सांगा. ‘हा रंग आम्ही कल्पनेने दिलाय.’ ‘हे दृश्य प्राणिसंग्रहालयात घेतलंय.’ ‘याचा आवाज कसा होता ते हाडांवरून कळत नाही.’ माझे एक स्नेही नाटकवाले आहेत. ते म्हणतात, याने रसभंग होतो. मला पटत नाही. कीर्तनकार पूर्वरंगातून आख्यानात जातो, मधेच ‘असं एका पाठात आहे, दुसऱ्यात नाही’ म्हणतो, आणि श्रोते हलत नाहीत, उलट सरसावून बसतात. शेरलॉक होम्सच्या कथेत शोध कसा लागला हीच तर गोष्ट असते. विज्ञानपटात मात्र तेवढंच कापून टाकतात आणि उरलेली सुळे-डरकाळी विकतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या नव्या यंत्रांमुळे एखाद्या गावातला शिक्षकही मराठीत पेशीविभाजनाची फिल्म बनवू शकतो. त्याच्यावर अटींचं ओझं टाकलं की तो गप्प बसेल आणि मोठ्या वाहिन्या तेवढ्या उरतील. हे मला मान्य आहे. म्हणून मी त्याच्यापासून सुरुवात करणार नाही. सुरुवात सरकारी पैशावर चालणाऱ्यांनी करावी: दूरदर्शन, शाळांसाठीचे व्हिडिओ, तारांगणं, विज्ञान केंद्रं, खात्यांची प्रसिद्धिपत्रकं. करदात्याच्या पैशाने काढलेल्या चित्रात तरी कल्पना कुठे सुरू होते ते बोललं जावं. त्यासाठी यंत्रसामग्री लागत नाही, संहितेत चार वाक्यं लागतात.

या शहराला हे परकंही नाही. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डेन यांना आणून ग्रंथालय खातं उभं केलं, आणि त्या खात्याची एक दृश्य-शिक्षणाची शाखा होती. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी मॅजिक लँटर्न, स्टिरिओस्कोप आणि सिनेमाची यंत्रं घेऊन ती माणसं गावोगाव जात. माझ्या डोळ्यांसमोर येतो तो पडदा नव्हे, पडद्याशेजारी उभा असलेला माणूस. चित्र बदललं की तो बोलणार, आणि पुढे बसलेली म्हातारी त्याला अडवून विचारणार, “हे कुठलं रे? तू पाहिलंस का?” फोनमधल्या चित्राशेजारी तो माणूस राहिला नाही. त्याचं निदान एक वाक्य तरी चित्राच्या आत शिरलं पाहिजे.

भाच्याने मध्यंतरी स्वतःच ‘अंकुराची वाढ’ करायचं ठरवलं, वाटाण्याऐवजी मूग, कारण त्याला धीर नाही. बशीत ओला कापूस, त्यावर भिजवलेले सात मूग, वर पुस्तकांच्या थप्पीवर टेकवलेला जुना फोन, दर पंधरा मिनिटांना एक चित्र. दुसऱ्या रात्री चार्जरची पिन निघाली आणि पाच तास फोन बंद. सकाळी तो रडकुंडीला आलेला. अंकुर तेवढ्यात बरेच पुढे गेले होते. मग म्हणाला, “मामा, मधली वीस चित्रं एआयने भरता येतात. कोणाला कळणारपण नाही.” मी म्हटलं, “भर की. फक्त भरली आहेत असं सांग.” त्याने थोडा विचार केला आणि वीस काळी चित्रं घातली. सोळा सेकंदांच्या फिल्ममध्ये पावणेदोन सेकंद अंधार.

दांडियाबाजारात जाऊन त्याने ती आत्याला दाखवली. तिने चष्मा वर केला. “मधे काळं काय झालं रे?”

“फोन बंद पडला होता, आजी. तेव्हाचं काय ते मला माहीत नाही.”

तिने परत एकदा पहिल्यापासून लावायला सांगितली. “मग खरी असणार,” म्हणाली, आणि उरलेल्या मुगांचं काय केलंस ते विचारलं.